तेरावी पायरी

यंदा नेपथ्य नाही, असं समितीत ठरलं.
वाद्यवृंद, सोळा गळे, काळे कपडे,
पुढ्यात स्टँड, स्टँडवर वही.
कॉन्सर्ट म्हणायचं त्याला. हक्कांचे पैसे कमी पडतात,
आणि ग्रीनॉकच्या टाउन हॉलचा बॉयलर
गेल्या हिवाळ्यापासून खोकतोय.

मी विचारलं, मग मी काय करू?
एकोणीस स्टँड मांड, खजिनदार बाई म्हणाल्या,
आणि पाण्याचे पेले.

चाळीस वर्षं या रंगमंचावर मी बंदर उभं केलं.
प्लायवुडचं. बाहेर क्लाइडकाठचं खरं बंदर
एकेक क्रेन उतरवत ओकंबोकं होत गेलं,
आमचं मात्र दर चार वर्षांनी गजबजायचं:
जहाजाची नाळ, संत्र्यांच्या पाट्या, खानावळ,
आणि खानावळीच्या माडीवरून उतरणारा जिना.
सतरा पायऱ्या, खाली चाकं,
गोदीतल्या भंगार सागवानाचा, माझ्या हातचा.
मागच्या मे महिन्यात कुऱ्हाड चालवली तीही मीच.
कीड लागली होती. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तालमीला मागे बसतो, डबा उघडून.
दुसऱ्या अंकातला नाच सुरू होतो, आठ मिनिटांचा,
आणि नाचत कुणीच नाही.
सोळा जण गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले,
फोटोला बसावं तसे.
ज्याला नाचता येत नाही त्याचं अंगण वाकडं असतं म्हणे;
इथे अंगणच मोडीत काढलंय,
आणि ढोलवाला बिचारा घामाघूम.
तरी मी ती जागा झाडून ठेवतो. सवय.

रुआरी, आमचा नवा कंडक्टर, अठ्ठाविशीचा,
परवा काठी खाली ठेवून म्हणाला,
हा विराम कुणी टाकलाय? जिन्याच्या गाण्यात, पेन्सिलीने,
प्रत्येक वादकाच्या कागदावर?
छापील प्रतीत तर नाही.
खोडून टाका.

खोडू नका, मागच्या रांगेतून इफी लॅमाँट म्हणाली.
आता ती खानावळवालीच्या चार ओळी गाते.
एक्याऐंशी साली नायिका होती, तेवीस वर्षांची,
पिवळा झगा, आणि तेराव्या पायरीवर
टाच अडकली.
दीड श्वास. हॅडोसाहेबांची काठी हवेत,
बसूनवाल्याने सूर धरून ठेवला, चेहरा लालबुंद,
आणि लोकांना वाटलं, पोरगी विचार करतेय,
परत वर जावं का.
शेजारच्या बाकावरची खाटिकीण रडली म्हणतात.
दुसऱ्या दिवशी हॅडोसाहेबांनी सगळ्यांना पेन्सिली वाटल्या.

खिळा होता. अर्धा इंच वर आलेला.
त्याच रात्री, हॉल रिकामा झाल्यावर, मी ठोकून बसवला.
कुणाचा खिळा, ते इफीने आजवर विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

शनिवारी दोनशे बारा माणसं आली, ओल्या छत्र्यांसकट.
इश्बेल पुढे आली, काळी पँट, सपाट जमीन.
तिने जिना कधी पाहिलेला नाही.
मी विंगेत, स्टँड मांडून झालेले,
ना दोर ओढायचा, ना चाकांना पाचर लावायची.
पायऱ्या मोजत राहिलो.
नऊ. दहा. तिने वही छातीशी धरली.
अकरा.
बारा.

आणि थांबलं सगळं.
बसूनचा एकच सूर, उंबऱ्यावर थांबलेल्या पाहुण्यासारखा.
तिसऱ्या रांगेत गोळीचा कागद वाजायचा राहिला.
इश्बेलने मान किंचित मागे वळवली,
जिथे माडी नव्हती तिकडे.
मागच्या रांगेत इफीची उजवी टाच
जमिनीपासून उचललेली, बोटभर.
माझा हात खिशात,
पूर्वी जिथे हातोडी असायची.

मग चौदा.
उरलेल्या पायऱ्या पोरगी भराभर उतरली.
वयच तसं तिचं.